जनावरांची फिर्याद
१७. जनावरांची फिर्याद : दहाव्या शतकात बसऱ्याच्या ‘इख्वान अस्-सफा’ या विचारवंतांच्या मंडळाने लिहिलेली अरबी कथा. माणसाच्या जाचाला कंटाळलेली खेचरे, गाढवे, बैल जिन्नांच्या राजापुढे दाद मागतात. हिंस्र श्वापदांची बाजू मांडतो कलीला कोल्हा, म्हणजे अरबस्तानात गेलेला पंचतंत्रातला करटक. निकाल माणसाच्या बाजूने लागतो, पण बळ-बुद्धीमुळे नव्हे. त्याला परलोकी जाब द्यायचा आहे म्हणून. मौलवी इक्राम अली यांचा उर्दू अनुवाद १८१०चा. जाब द्यावा लागेल अशी गोष्ट आपल्याकडेही आहे. त्याच दहाव्या शतकात अरब इतिहासकार अल्-मसूदीने नोंदवलेले ‘सुबारा’ म्हणजे आपले नालासोपारे. तिथली जुनी खाडी गाळाने भरली; उरलेल्या पाणथळीवर आता भराव पडतो आणि पावसाळ्यात वसई-विरारच्या वस्त्यांत पाणी शिरते. ही टीप ज्या लेखावर आहे, त्याच्या लेखकाचा रोख माणसाच्या या जबाबदारीकडे आहे. — संपा.