दोन कबरी, एक ज्ञानपरंपरा : मखदूम माहिमी आणि मुल्ला फनारी

सिल्वासा-वापी परिसरातून मुंबईस जाणाऱ्या भाविकांना माहीमचा दर्गा परिचित आहे. हे माहीम म्हणजे पालघर तालुक्यातील केळवे-माहीम नव्हे, तर मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास येथे दहा दिवसांची जत्रा भरते. पहिल्या दिवशी मुंबई पोलीस वाजतगाजत मानाची चादर अर्पण करतात व या मिरवणुकीत हिंदू-मुस्लिम दोघेही असतात. परंतु येथे चिरविश्रांती घेत असलेले हजरत मखदूम फकीह अली माहिमी (रह.) हे थोर ग्रंथकार होते, याची जाणीव फार थोड्यांना आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या विद्वत्तेचा विचार त्यांचे समकालीन उस्मानी विद्वान मुल्ला शम्सुद्दीन फनारी यांच्या संदर्भात केला आहे.

जीवन

माहिमींचा जन्म हिजरी 776 (इ.स. 1374-75) मध्ये कोकणातील नवायत समाजात झाला. अरबस्तान व इराकमधून समुद्रमार्गे येऊन किनाऱ्यावर स्थिरावलेल्या कुटुंबांचा हा समाज. मध्यरात्री आईने पाणी मागितले, पाणी आणेपर्यंत तिला झोप लागली आणि बालक अली पहाटेपर्यंत पेला हातात धरून उभा राहिला, ही कथा कोकणात घरोघरी सांगितली जाते. गुजरातच्या सुलतानांच्या काळात ते माहीमचे काझी होते, असे चरित्रकार सांगतात. 'फकीह' ही उपाधी त्यांच्या शाफई धर्मशास्त्राच्या अधिकाराची साक्ष देते. हिजरी 835 (इ.स. 1431-32) मध्ये ते निवर्तले.

मुल्ला फनारी यांचा जन्म 1350 चा. इजिप्तमध्ये उच्च शिक्षण घेऊन ते बुर्सा येथे मुदर्रिस व काझी झाले. 1424 मध्ये सुलतान मुराद दुसरा याने त्यांना मुफ्ती नेमले. उस्मानी राज्याचे पहिले शेखुल-इस्लाम म्हणून त्यांची गणना होते. सुलतान बायझीद जमातीच्या नमाजाला येत नाही, म्हणून काझी फनारींनी न्यायालयात त्याची साक्ष नाकारली, अशी आख्यायिका आहे. हिजरी 834 (इ.स. 1431) मध्ये त्यांचे निधन झाले. बुर्सामध्ये त्यांच्याच नावाच्या मशिदीच्या आवारात त्यांची कबर आहे.

ग्रंथांचा दुवा

या दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही. तरी दोघांच्या मेजावर एकाच गुरूचे ग्रंथ होते. इब्न अरबी यांचे शिष्य सद्रुद्दीन कूनवी (मृत्यू 1274, कोन्या) यांच्या 'मिफ्ताहुल-गैब' या ग्रंथावर फनारींनी 'मिस्बाहुल-उन्स' हे भाष्य लिहिले. कूनवींच्याच 'नुसूस' या ग्रंथावर माहिमींनी भाष्य केले आणि इब्न अरबींच्या 'फुसूसुल-हिकम' वरही लिहिले. बुर्सा आणि माहीम यांच्यामध्ये हजारो मैल होते, पण अभ्यासाचे विषय एक होते. हे माहीम एकाकी नव्हते. अरबी समुद्रातून मालाबरोबर पोथ्याही येत होत्या.

माहिमींचे प्रमुख कार्य म्हणजे 'तब्सीरुर-रहमान' ही कुरआनची अरबी तफसीर. आयतींमधील परस्परसंबंध उलगडणे हे तिचे वैशिष्ट्य. प्रत्येक सूरतीच्या आरंभीच्या 'बिस्मिल्लाह'चा अर्थ ते त्या सूरतीच्या आशयाशी जोडून सांगतात, त्यामुळे तेच शब्द दरवेळी नवा अर्थ देतात. ही तफसीर 1878 मध्ये कैरोच्या बुलाक मुद्रणालयात छापली गेली. तेव्हा इजिप्त नावापुरते का होईना, उस्मानी साम्राज्याचाच भाग होता. अशा रीतीने कोकणच्या काझीचा ग्रंथ उस्मानी जगात पोहोचला.

उपसंहार

फनारींचे तर्कशास्त्रावरील पुस्तक उस्मानी मदरशांत पिढ्यानपिढ्या शिकविले गेले, म्हणून त्यांची कबर आणि त्यांचा ग्रंथ दोन्ही स्मरणात राहिले. माहीममध्ये कबरीचे स्मरण टिकले, ग्रंथांचे मात्र क्षीण झाले. श्रद्धेने चादर चढविणे यात वावगे काहीच नाही. पण ज्याने आयुष्यभर वाचले व लिहिले, त्याचे एकही पान न उघडता त्याला वंदन करणे अपुरे आहे. उर्दूत अब्दुर्रहमान परवाज इस्लाही यांनी लिहिलेले चरित्र उपलब्ध आहे. महाविद्यालयातील इतिहास, अरबी, उर्दू व मराठी विभागांनी मिळून 'तब्सीर'मधील निवडक भाग मराठीत आणले, तर दर्ग्यावर जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे विसावलेल्या विद्वानाचीही ओळख होईल.