कॅमेरा कुठे उभा आहे? विद्यार्थ्यांचे लघुपट आणि चित्रभाषेची तालीम

सिनेमाचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन प्रकारची उत्तरे ऐकायला मिळतात. बुजुर्ग मंडळी म्हणतात, ‘तौबा, मुलांना बिघडवणारी चीज!’ तरुण म्हणतात, ‘करमणूक आहे, त्यात शिकायचे काय?’ दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. सिनेमाला भाषा असते, त्या भाषेला व्याकरण असते आणि ते शिकावे लागते, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात येत नाही.

आमच्याही आली नव्हती. आम्ही वडवणीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बीड जिल्ह्यातील हा छोटा तालुका. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी माणसे बाहेर पडतात आणि गावात म्हातारी माणसे व मुले मागे राहतात. एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुलांनी याच विषयावर मोबाइलवर चार मिनिटांचा लघुपट केला. आई-वडील तोडीला गेलेले, मुलगा दादीजवळ राहिलेला. मुलगा कॅमेऱ्यासमोर उभा राहून दोन मिनिटे आपले दुःख सांगतो आणि मागे रडवे संगीत वाजते. टाळ्या पडल्या, पण कुणाच्या मनाला काही लागले नाही. विषय खरा, मुले खरी, घर खरे; मग चित्र खोटे का वाटले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जो इतिहास वाचला, तो येथे मांडत आहोत.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करावी लागते. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली प्रदर्शित झाला, हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. पण त्याआधी, 1912 च्या सुमारास, फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाचा एक छोटा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ ते थोडी थोडी फिल्म चित्रित करीत राहिले. पडद्यावर मात्र बघता बघता कोंब फुटला आणि वेल चढला. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून केलेला हा प्रयोग होता. त्या वेळी फाळके वयाने चाळिशीचे, पण या विद्येचे विद्यार्थीच होते. एका अर्थाने मराठी मातीतील हा पहिला विद्यार्थी लघुपट. त्यात नट नाही, संवाद नाही. काळ आखडता येतो, हा चित्रभाषेचा पहिला धडा मात्र त्यात आहे.

दुसरा धडा कोल्हापूरचा, आणि तो आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा. बाबूराव पेंटर यांनी मोडतोड करून, जोडून, घडवून स्वतःच कॅमेरा तयार केला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ काढला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शाळा नव्हती. होते ते उस्ताद आणि शागीर्द. या शागिर्दांत विष्णुपंत दामले होते, व्ही. शांताराम होते आणि कागलचे शेख फत्तेलाल होते. फत्तेलालांना सगळे ‘साहेबमामा’ म्हणत. पडदे रंगवणे, नेपथ्य उभारणे, कॅमेरा हाताळणे ही सारी कामे हातानेच शिकायची. 1929 मध्ये या मंडळींनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि 1933 मध्ये ती पुण्यास हलवली.

1936 चा ‘संत तुकाराम’ दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून दिग्दर्शित केला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. वारकऱ्यांच्या घराघरांत पोहोचलेल्या तुकोबांच्या या चित्रावर एका मुसलमान कलावंताचाही हात फिरला आहे, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. आणि हात कसा? चित्रपट भक्तीचा, पण कॅमेरा जिजाईला विसरत नाही. तिची चूल, तिची उपाशी पोरे, तिचा संताप यांना संतांच्या भक्तीइतकीच जागा मिळते. पाहणारा तुकोबांना हात जोडतो आणि जिजाईचे म्हणणेही त्याला पटते. कुणाला किती वेळ दाखवायचे, कुणाच्या बाजूने उभे राहायचे, हा निर्णय संवादात लिहिलेला नसतो. तो कॅमेऱ्याच्या जागेत असतो.

तिसऱ्या धड्यासाठी थोडे दूर जावे लागते. 1919 मध्ये मॉस्कोत सरकारी चित्रपटशाळा सुरू झाली. क्रांतीनंतरचे दिवस, कोरी फिल्म मिळेना. लेव्ह कुलेशॉव्ह हा तरुण शिक्षक आणि त्याचे विद्यार्थी फिल्मशिवायच चित्रपटाचा सराव करीत. जुन्या चित्रपटांचे तुकडे कापून पुन्हा जोडून बघत. त्यांचा एक प्रयोग जगभर शिकवला जातो. मोझूखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला. एकदा त्यापुढे सूपाची थाळी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी शोक, कधी अभिलाषा. चेहरा बदललाच नव्हता, बदलला होता शेजार. दोन दृश्ये एकमेकांना चिकटवली की तिसरा अर्थ जन्मतो, आणि तो पाहणाऱ्याच्या मनात जन्मतो. संकलनाची सारी ताकद आणि सारा धोका या एका गोष्टीत आहे. या धोक्याकडे आपण शेवटी येऊ.

आता पुन्हा पुणे. प्रभात बंद पडली, पण तिची जागा ओस राहिली नाही. 1960 मध्ये केंद्र सरकारने त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली आणि 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आले. म्हणजे साहेबमामांनी जेथे सेट उभारले, तेथेच पुढच्या पिढ्या शिकल्या. ऋत्विक घटक यांनी साठच्या दशकात येथे थोडाच काळ शिकवले, पण मणी कौल, कुमार शहानी यांसारखे विद्यार्थी त्यांचे नाव जन्मभर घेत राहिले. प्रा. सतीश बहादूर चित्रपट रसास्वाद शिकवीत आणि पी. के. नायर देशोदेशीच्या फिल्म्स जमवून मुलांना दाखवीत. शिक्षणाचा क्रम ठरलेला होता: आधी पाहा, मग छोटे सराव करा आणि शेवटी पदविकेसाठी एक लघुपट करा. गिरीश कासारवल्ली यांच्या ‘अवशेष’ या पदविका लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही परंपरा अजून चालू आहे. 2024 मध्ये याच संस्थेच्या चिदानंद नाईक यांचा लघुपट कान महोत्सवातील विद्यार्थी विभागात पहिला आला.

याच संस्थेतून सत्तरच्या दशकात सईद अख्तर मिर्झा बाहेर पडले. त्यांचा ‘नसीम’ (1995) आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. 1992 च्या जून ते डिसेंबर या काळातील मुंबईतील एक मुस्लिम घर, शाळकरी नसीम आणि तिचे आजारी आजोबा. आजोबांची भूमिका कैफी आझमींनी केली. बाहेरचा विखार घरात शिरतो तो दूरचित्रवाणीच्या बातम्यांतून. कॅमेरा बहुतेक वेळ घरातच, नात आणि आजोबांजवळ थांबतो. पडद्यावरचा मुसलमान म्हणजे नवाब, कव्वाल किंवा गुंड, असे वर्षानुवर्षे दाखवले गेले. येथे तो कुणाचा तरी आजोबा आहे. भाषणाने जे साधले नसते, ते कॅमेऱ्याची जागा बदलल्याने साधले.

पुण्याची वाट सगळ्यांना परवडत नाही. म्हणून आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते उदाहरण आपल्या शेजारचे आहे. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) आणि बीड हे लगतचे जिल्हे. नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाची पदव्युत्तर पदवी घेताना नागराज मंजुळे यांनी 2009 मध्ये ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. करमाळा तालुक्यातील जेऊरचा हा विद्यार्थी. भटक्या समाजातील एका लहान मुलाला शाळेची ओढ आहे, पण भूक त्याला दुसरीकडे ढकलते. एवढीच गोष्ट. त्या लघुपटाला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यात काम करणारा सूरज पवार पुढे ‘फँड्री’तही (2013) दिसला. ‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. तोवर अंधारात सुखाने बसलेला प्रेक्षक एका क्षणात आरोपी ठरतो. हे तंत्र महागड्या यंत्राचे नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कुठे थांबायचे, एवढ्या जाणिवेचे आहे.

हे सारे घेऊन आम्ही आमच्या मुलांजवळ परतलो. त्यांचा तोच लघुपट पुन्हा लावला, या वेळी आवाज बंद करून. आवाज गेल्यावर काय उरते ते बघा, असे म्हटले. फारसे काही उरत नव्हते. मग एकेक प्रश्न पुढे आला. मोबाइल कुणी धरला होता? उभ्या माणसाने. म्हणून जमिनीवर बसलेली दादी वरून दिसत होती, बिचारी वाटत होती. मुलगी म्हणाली, ‘सर, दादी बिचारी नाही, तीच घर चालवते.’ मोबाइल जमिनीजवळ आणला आणि दादी एकदम मोठी दिसू लागली. मुलाचे भाषण काढून टाकले. त्याऐवजी एका मुलीला सुचले की दस्तरखानावर चार रकाब्या मांडायची सवय असलेली दादी चार काढते, थांबते आणि दोन परत ठेवते. संगीत काढले. रकाब्यांचा आवाज तेवढा राहू दिला. नवा लघुपट दोन मिनिटांचाच झाला. तो संपल्यावर वर्गात टाळ्या पडल्या नाहीत. दोन मुले खाली मान घालून बसली होती. त्यांचे आई-वडील त्या वेळी तोडीवर होते.

तेव्हापासून विद्यार्थ्यांचा लघुपट पाहताना आम्ही चारच गोष्टी विचारतो. कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे? चौकटीत कोण आहे आणि कुणाला बाहेर ठेवले आहे? हे दृश्य संपून पुढचे का आले? ऐकू येणारा आवाज त्या जागेचा आहे की वरून ओतलेला? या चार प्रश्नांना उत्तर मिळाले की बाकीची शास्त्रीय नावे मागाहून शिकता येतात.

आता तो राहिलेला धोका. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि प्रत्येक मोबाइलवर कापलेली दृश्ये येतात. मिरवणुकीचा एखादा तुकडा येतो; आधी काय घडले ते कापलेले, नंतरचेही कापलेले, वर दुसऱ्याच गावाचे नाव, खाली भडक संगीत. कुलेशॉव्हचा प्रयोग आता शाळेत होत नाही, बाजारात आणि नाक्यावर होतो, आणि त्यात होरपळतात ती हाडामांसाची माणसे. आपल्याविरुद्ध असे तुकडे फिरतात तेव्हा आपण दुखावतो. पण आपल्या बाजूने फिरणारे तुकडेही आपण तितक्याच घाईने पुढे पाठवतो, हेही कबूल केले पाहिजे. ज्या मुलाने स्वतः कात्री चालवून पाहिली आहे, तो मात्र थांबतो. ‘याच्या आधी काय होते?’ असे विचारतो. फसवणुकीविरुद्ध यापेक्षा मजबूत ढाल आमच्या माहितीत नाही.

सिनेमा पाहावा की पाहू नये, हा वाद ज्याचा त्याने आपल्या घरी मिटवावा. पण चित्रे आपल्या मुलांपर्यंत पोहोचणार, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. ती वाचता आली नाहीत तर आपली मुले शिकूनही निरक्षर राहतील. आणि रचता आली नाहीत तर त्यांच्या घरांची चित्रे दुसरेच कुणीतरी रचत राहील. कागलच्या साहेबमामांच्या हाती प्रमाणपत्र नव्हते. उस्ताद होते, हातात काम होते आणि माणसाकडे बघायची नजर होती. आमच्या मुलांच्या हाती मोबाइल आलाच आहे. नजर देण्याचे काम आपले आहे.