खारं पाणी घरात आणणारी माणसं

गेल्या काही आठवड्यांत एकाच छापाचे बरेच मेसेज आलेत. "दादा, तीन वर्षं गप्पी आणि एंजल सांभाळतोय, आता निमो आणायचाय. पाण्यात मीठ टाकलं की झालं ना?"

नाही झालं. मी स्वतः याच वाटेवर आहे. माझा गोड्या पाण्याचा दोन फुटी टँक मस्त चाललाय आणि त्याच्या शेजारी खाऱ्या पाण्याचा नवा टँक पाचवा आठवडा रिकामा उभा आहे. लाइट चालू, पंप चालू, मासा एकही नाही. रूममेट रोज विचारतो, "अरे, तू नुसतं पाणी पाळतोयस का?" एका अर्थाने, हो. आणि माणसाला पाणी पाळायला शिकायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आज तीच गोष्ट सांगतो.

आधी थोडं विज्ञान, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोड्या पाण्यातल्या माशाचं अंग बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं. पाणी सारखं आत झिरपतं आणि तो ते सारखं बाहेर टाकतो. समुद्रातल्या माशाचं उलटं असतं. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर काढतो. म्हणजे हार्डवेअरच वेगळं. त्यात त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन साधारण एक पंचमांश कमी मावतो. आणि समुद्राचा पीएच आठच्या वर असल्यामुळे तेवढाच अमोनिया तिथे जास्त विषारी ठरतो. गोड्या पाण्यात जे खपून जातं, ते इथे खपत नाही.

आता १८४६ मध्ये चला. अॅना थिन नावाच्या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेल्या होत्या. तिथे त्यांना जिवंत दगडी प्रवाळ सापडले आणि ते लंडनला घरी न्यायचं त्यांनी ठरवलं. प्रवासात आपटू नयेत म्हणून त्यांनी प्रवाळ सुईदोऱ्याने मोठ्या स्पंजावर टाचले. जुगाड म्हणजे जुगाड! लंडनला सुरुवातीला एक दिवसाआड समुद्राचं पाणी मागवलं जायचं. नंतर बाईंच्या लक्षात आलं की पाणी बदलण्यापेक्षा त्यात हवा मिसळली तरी चालतंय. मग उघड्या खिडकीपाशी तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं, परत पहिल्यात, रोज अर्धा-पाऊण तास. हे काम घरातली मोलकरीण करायची. आपल्याकडे चहा गार करायला करतात तसं, फक्त पाऊण तास.

जगातल्या सुरुवातीच्या मरीन टँकचा एअर पंप म्हणजे एका बाईचे दोन हात होते. आज आपला पंप पन्नास रुपयांनी महाग झाला तर आपण रिव्ह्यूमध्ये भांडतो. १८४७ मध्ये अॅना थिन यांनी भांड्यात समुद्री वनस्पतीही घातल्या. ते प्रवाळ वर्षानुवर्षं जगले, त्यांची वाढही झाली.

दुसरा माणूस मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो आपल्यासारखाच गोड्या पाण्यातून खाऱ्यात आला. रॉबर्ट वॉरिंग्टन, लंडनमधला केमिस्ट. त्याने गोल्डफिश ठेवले, सोबत व्हॅलिस्नेरिया लावली. हो, तीच, जी आजही दुकानात जुडीने मिळते. पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी नितळ झालं. १८५० मध्ये त्याने हे छापलं. मग १८५२ मध्ये तोच प्रयोग समुद्राच्या पाण्यात. तिथे व्हॅलिस्नेरिया जगत नाही, म्हणून तो हिरव्या समुद्री शेवाळाकडे वळला. जुना अनुभव कामी आला, जुना सेटअप नाही.

आणि मग आला फिलिप हेन्री गॉस. १८५३ मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी काचेच्या टाक्यांचं 'फिश हाउस' उघडलं, त्यात त्याचा मोठा हात होता. १८५४ मध्ये त्याचं 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घरोघरी गेला. त्याच वर्षी त्याने समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी समुद्राची रेसिपी काढली. घरातलं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड आणि पाणी. आपण आज डबा उघडून लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट घालतो, त्याची खापरपणजी हीच. मात्र गॉसने चुन्याचे क्षार सोडून दिले होते, प्रमाण अगदी थोडं म्हणून. आज प्रवाळ ठेवणारे लोक त्याच कॅल्शियमच्या मागे टेस्ट किट घेऊन धावत असतात.

वेळही जुळून आली होती. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली. रेल्वेने समुद्रकिनारा जवळ आला. आणि लोक सुटले! टोपल्या, हातोडे, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर. खडकांतल्या डबक्यांमधून समुद्रफुलं खरवडून काढायची, घरी न्यायची, आठवड्यात मारायची, परत जायचं. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये वडिलांबद्दल पुस्तक लिहिलं. लहानपणी पाहिलेली ती भरलेली डबकी नंतर कशी ओरबाडली गेली आणि आपल्याच वडिलांच्या पुस्तकांनी लोकांना तिथे कसं पाठवलं, हे त्यात आहे. गॉस देवभोळा माणूस होता, निसर्गावर जीव होता त्याचा. त्याने हे मुद्दाम केलं नाही. पण डबकी रिकामी व्हायची ती झालीच.

तांत्रिक बाजू पुढे भराभर सरकली. विल्यम लॉइड नावाच्या माणसाने १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस अॅक्वेरियममध्ये टाक्यांखाली अंधारी टाकी ठेवली, वरच्या सगळ्या टाक्यांच्या मिळून पाण्यापेक्षा कित्येक पट मोठी, आणि पाणी सतत फिरतं ठेवलं. आज टँकखालच्या कपाटात आपण जो संप लावतो, तो तिथून आला. पण पाणी नेमकं का बिघडतं, हे कळायला १८९० च्या आसपास सर्गेई विनोग्राडस्की यावा लागला. त्याने दाखवलं की काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. गोगलगाय, शेवाळ सगळं ठीक, पण खरे कामगार डोळ्यांना दिसतच नव्हते. माझ्या रिकाम्या टँकमध्ये सध्या त्यांचीच भरती चालू आहे.

मग १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत छापली. समुद्रातला जिवंत खडक, हवेचे बुडबुडे, बास. खडकाच्या बाहेरच्या थरात एक प्रकारचे जिवाणू, आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे दुसरे, जे नायट्रेटचा वायू करून टाकतात. पुढे रीफ टँक याच कल्पनेवर उभे राहिले. आणि खडकाची मागणी वाढली, म्हणजे परत किनारा आलाच.

आपल्या इथे हे कुठे लागू होतं ते नीट ऐका. १९५१ पासून मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय होतं, अनेकांनी पहिला समुद्री मासा तिथेच पाहिला. समोर रस्त्यापलीकडे अख्खा अरबी समुद्र. पण तिथून काही उचलून घरी आणायचं नाही. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्री घोडेसुद्धा. कोणी ओळखीतून 'ओरिजिनल लाइव्ह रॉक' देतो म्हणाला, तर नाही म्हणा. कोरडा किंवा सिरॅमिकचा खडक घ्या, जिवाणू त्यावरही बसतात, फक्त वेळ जास्त लागतो.

मासा घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: हा पकडलेला की पैदास केलेला? क्लाउनफिश, म्हणजे तुमचा निमो, टाकीत पैदास होतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र भारतात बसवलंय. डोरी, म्हणजे ब्लू टँग, बाजारात बहुतेक समुद्रातून पकडूनच येते. शिवाय तिला पोहायला मोठी जागा लागते, दोन फुटात ती घ्यायचीच नाही.

आणि हो, पहिला टँक फार छोटा घेऊ नका. शंभर लिटरच्या आसपास असला तर चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो. पाणी उडून गेलं की मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याने घालायची, खाऱ्याने नाही. माझी अमोनियाची टेस्ट या रविवारी आहे. शून्य आली तरी नायट्राइट शून्य व्हायची वाट बघायचीय. रूममेटला सांगून ठेवलंय, अजून तीनेक आठवडे.