नोव्हायच्या अंगणात झेंडू, मोगरा, जास्वंद : उष्ण हवामानातील फुलांचे मिशिगनमधील वेळापत्रक

२०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक असल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला येतो. २०२५ मध्ये हेच सण अनुक्रमे २७ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर रोजी साजरे झाले. पुणे-नाशिककडील झेंडूला या अठरा दिवसांचा फारसा फरक पडत नाही. मिशिगन राज्यातील नोव्हाय शहरात मात्र दाराला घरच्या फुलांचे तोरण लागणार की विकतच्या, हे एवढ्याच दिवसांवर ठरते. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात येथे केव्हाही वर्षाचा पहिला फ्रॉस्ट, म्हणजे पानाफुलांवर गोठणारे दंव, पडू शकतो आणि बहरलेला झेंडू एका रात्रीत काळवंडतो.

डेट्रॉइटच्या वायव्येला, ओकलंड काउंटीत वसलेल्या या उपनगरातील मराठी कुटुंबे घरामागच्या जागेत आपल्याकडची फुले लावू पाहतात. ही फुले येथे उत्तम येतात. मात्र त्यासाठी सणाच्या तारखेपासून मागे दिवस मोजत पेरणी ठरवावी लागते. ती मोजणी कशी करावी, याचे हे मार्गदर्शन.

उन्हाळा लहान, दिवस मोठे

वनस्पतींच्या तगण्याच्या क्षमतेनुसार अमेरिकेच्या कृषी विभागाने आखलेल्या नकाशात नोव्हाय सहाव्या पट्ट्यात येते. या पट्ट्यात हिवाळ्यातील नीचांकी तापमान सरासरी उणे २३ ते उणे १८ अंश सेल्सियसपर्यंत उतरते. हा आकडा केवळ हिवाळ्याविषयी सांगतो. जुलैमध्ये दुपारचे तापमान साधारण २८ अंश असते आणि अधूनमधून ते ३२ अंशांपलीकडे जाते. उष्ण प्रदेशातील फुलांना हे मानवते. मात्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंतचे जेमतेम पाच महिनेच त्यांना मोकळ्यावर मिळतात.

दुसरा फरक दिवसाच्या लांबीचा. २१ जूनच्या सुमारास पुण्यात दिवस सव्वातेरा तासांचा, तर नोव्हायमध्ये सव्वापंधरा तासांचा असतो. डिसेंबरात पुण्याला अकरा तास प्रकाश मिळतो, नोव्हायला नऊ. अनेक झाडे दिवस किती लांब आहे यावरून फुलण्याची वेळ ठरवतात. त्यामुळे भारतातून आणलेल्या बियाण्याच्या पाकिटावरील महिने येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

झेंडू : दसऱ्यापासून उलट मोजणी

झेंडू मूळचा मेक्सिकोचा; पोर्तुगीजांच्या काळात तो भारतात आला असे मानले जाते. तोरणासाठी वापरला जाणारा मोठ्या गोंड्याचा उंच झेंडू लहान दिवसांत लवकर फुलतो. म्हणूनच जून-जुलैमध्ये नोव्हायमधील झाडे कमरेएवढी वाढतात, हिरवीगार दिसतात, पण कळी धरत नाहीत. अशा वेळी अधीर होऊन नत्रयुक्त खत घातल्यास पाने आणखी वाढतात आणि फुले आणखी लांबतात.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘पुसा नारंगी गेंदा’ पेरणीपासून फुलायला सुमारे १२५ ते १३५ दिवस घेतो. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, अक्षय्य तृतीयेच्या आसपास, घरात पेरलेले बी सप्टेंबरच्या सुरुवातीला फुलावर येते व गणपतीपासून पुढे फुले देते. तेच बी १ जूनला थेट वाफ्यात टाकले, तर फुले ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणजे ऐन फ्रॉस्टच्या तोंडावर येतात.

२१ ते २४ अंश तापमानात बी चार ते सात दिवसांत रुजते. रोपांना खिडकीतला प्रकाश अपुरा पडतो. ती उंच व लुळी होतात. त्यामुळे एलईडी दिवा रोपांच्या जवळ ठेवावा. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोपे रोज थोडा वेळ बाहेर ठेवून आठ-दहा दिवसांत उन्हा-वाऱ्याची सवय करावी आणि मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेच्या सुमारास वाफ्यात लावावीत. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या व फुले दोन्ही वाढतात.

बुटका मखमली झेंडू दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करीत नाही. पेरणीपासून दोन महिन्यांत तो फुलतो आणि सुकलेली फुले खुडत राहिल्यास पुढेही फुलत राहतो. उंच झेंडूसोबत याची एक ओळ लावली, तर देवपूजेला जुलैपासून फुले मिळतात.

एका हंगामाची इतर फुले

झिनिया, सदाफुली, कोंबडा, गुलबाक्षी आणि तेरडा ही फुले नोव्हायच्या उन्हाळ्यात सहज येतात. सदाफुलीला ऊन व कोरडेपणा सोसतो. ड्राइव्ह-वेच्या तापणाऱ्या काँक्रीटच्या कडेला तीच लावावी. थंड, ओल्या मातीत मात्र तिची मुळे कुजतात, म्हणून मे महिना संपण्यापूर्वी तिला बाहेर काढू नये.

तेरड्याचा रंग तीन दिवस असला, तरी कोकणात गौर ज्या तेरड्याची करतात तो येथे रुजतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो दोन ते अडीच महिन्यांत फुलतो. गौरीपूजनासाठी हवा असल्यास जूनअखेरीस थेट वाफ्यात पेरावा.

कुंडीतले मोगरा आणि जास्वंद

मोगरा व आपली नेहमीची जास्वंद नोव्हायच्या जमिनीत हिवाळा काढू शकत नाहीत. त्यांची जागा कुंडीतच. येथील रोपवाटिकांत मोगऱ्याचे एकेरी पाकळ्यांचे ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’ आणि भरगच्च, बटमोगऱ्यासारखे ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ हे वाण मिळतात. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. मार्चमध्ये छाटणी केल्यास जूनपासून बहर येतो आणि प्रत्येक बहरानंतर हलकी छाटणी केल्यास पुढचा लवकर मिळतो.

रात्रीचे तापमान १० अंशांखाली, म्हणजे ५० फॅरेनहाइटखाली, जाऊ लागले की कुंड्या आत घ्याव्यात. नोव्हायमध्ये ही वेळ साधारण सप्टेंबरच्या अखेरीस येते. आत आणण्यापूर्वी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी आणि मावा, पिठ्या ढेकूण व पांढरी माशी यांसाठी निंबतेल फवारावे. आत आल्यावर काही पाने गळतात. प्रकाश घटल्यामुळे ते स्वाभाविक आहे. अशा वेळी जास्त पाणी घालणे हेच झाडे दगावण्याचे नेहमीचे कारण ठरते. दक्षिणेकडील खिडकीत, भट्टीची गरम हवा येणाऱ्या झरोक्यापासून दूर कुंडी ठेवावी. कोरड्या हवेत लाल कोळी लवकर पसरतो.

कुंड्यांची ने-आण नको असल्यास जास्वंदीच्याच कुळातील हिबिस्कस मॉश्यूटॉस हा उत्तम पर्याय आहे. ती दक्षिण मिशिगनच्या दलदलीतली स्थानिक वनस्पती. हिवाळ्यात ती जमिनीपर्यंत वाळते, मेअखेरीस पुन्हा फुटते आणि जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ताटलीएवढी पांढरी, गुलाबी वा लाल फुले देते. लाल फुलांचा वाण लावल्यास गणपतीसाठी कुंडीवर अवलंबून राहावे लागत नाही.

निशिगंध आणि डेलिया

या दोन्हींचे कंद येथील गोठलेल्या जमिनीत मरतात. निशिगंधाला लागवडीपासून फुलण्यास तीन-चार महिने लागतात, म्हणून त्याचे कंद एप्रिलमध्ये घरातच कुंडीत लावावेत. डेलिया मेअखेरीस थेट जमिनीत लावता येतो. पहिल्या फ्रॉस्टने पाने काळी पडल्यावर दोन्हींचे कंद काढून, माती झटकून, गोठणार नाही अशा थंड, कोरड्या तळघरात ठेवावेत.

माती, पाणी आणि कीड

नोव्हायच्या नव्या वसाहतींत बांधकामाच्या वेळी वरची सुपीक माती काढली गेलेली असते आणि खाली दाबलेली चिकणमाती उरते. तिचा निचरा कमी असतो. वाफ्यात दोन-तीन इंच कंपोस्ट मिसळावे किंवा उंच वाफे करावेत. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या विस्तार सेवेकडून माती तपासून मिळते. याच विद्यापीठाचे १६० एकरांचे टोलगेट फार्म नोव्हायमध्येच, मेडोब्रूक रस्त्यावर आहे. येथील हवामानात फुलणारी झाडे तेथे प्रत्यक्ष पाहता येतात.

आठवड्याला सुमारे एक इंच पाणी पुरते. ते सकाळी, मुळाशी द्यावे. पाने ओली राहिल्यास रोग बळावतात. ऑगस्टमध्ये झिनियावर भुरी दिसते, म्हणून झाडांत मोकळे अंतर ठेवावे. जुलैमध्ये जपानी भुंगेरे जास्वंद व गुलाबाची पाने खातात. सकाळी ते सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटकावेत. वासाचे सापळे आणखी भुंगेरे ओढून आणतात, म्हणून टाळावेत.

भारतातून बियाणे आणताना

अमेरिकेत माती आणता येत नाही, आणि रोपे व फांद्यांना आवश्यक परवानगी व प्रमाणपत्रे लागतात. बियाण्यांनाही सामान्यतः वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अल्प प्रमाणातील बियाण्यांसाठी कृषी विभागाचा विनामूल्य परवाना असून त्याखाली एका पाकिटात जास्तीत जास्त ५० बिया चालतात. जे आणले असेल ते विमानतळावर जाहीर करणे बंधनकारक आहे. पिशवीतून दडवून आणलेल्या मोगऱ्याच्या फांदीसोबत कीडही येते आणि दंड होतो तो वेगळाच.

पहिल्या फ्रॉस्टची रात्र

सप्टेंबरच्या मध्यापासून राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज रोज पाहावा. फ्रॉस्टचा इशारा आल्यास सूर्यास्तापूर्वी जुन्या चादरी झाडांवरून थेट जमिनीपर्यंत पसराव्यात, म्हणजे मातीची ऊब आत राहते; सकाळी काढून घ्याव्यात. पहिल्या फ्रॉस्टनंतर अनेकदा आठ-दहा दिवस पुन्हा उबदार जातात. एक-दोन रात्री झाडे वाचवली, तर तेवढे दिवस फुले मिळतात. कडाक्याची थंडी येणार असेल, तर उमललेली फुले आदल्या दिवशी खुडून, कोरडी करून, कागदी पिशवीत फ्रिजमध्ये ठेवावीत. ती चार-पाच दिवस टिकतात.

दसरा २० ऑक्टोबरला असताना यावर विसंबणे पुरेसे नाही. झेंडूची चार-पाच रोपे पहिल्यापासून मोठ्या कुंड्यांत वाढवावीत आणि थंड रात्री गॅरेजमध्ये घ्यावीत. एका दाराच्या तोरणापुरती फुले त्यांतून नक्की निघतात.

थोडक्यात वेळापत्रक

* मार्च : मोगऱ्याची छाटणी.
* एप्रिल : झेंडूची घरात पेरणी; निशिगंध कुंडीत.
* मेअखेर : रोपे व डेलिया जमिनीत, मोगरा, जास्वंद बाहेर.
* जूनअखेर : गौरीसाठी तेरडा, झेंडूचे शेंडे खुडणे.
* सप्टेंबरअखेर : मोगरा, जास्वंद आत.
* ऑक्टोबर : चादरी तयार; फ्रॉस्टनंतर कंद काढणे.