रंधा मशीनची जागा

बलुतेदारीत सुताराची हत्यारं एका पोत्यात मावत. वाकस, करवत, रंधा, पटाशी खांद्यावर टाकून वडील शेतकऱ्यांच्या दारी जात. बलुतं खळ्यावर धान्यात मिळे. मीरा-भाईंदरची 1985 साली नगरपरिषद झाली, 2002 साली महानगरपालिका. त्या वाढत्या वस्तीत फर्निचरचं काम भरपूर, म्हणून आम्ही मीरा रोडला आलो अन् बिडाचं रंधा मशीन घेतलं. पहारीनं उचललं, खाली पाईप सारले, घरंगळत आत आणलं. पाणसळ लावून बुडाखाली पाचरी ठोकल्या. पण खोली दहा फुटी अन् फळी आठ फुटी! फळीला मशीनच्या अलीकडं आठ फूट हवेत, पलीकडंही आठ. शेवटी रंधलेली फळी दारातून बाहेर निघेल असं बसवलं. वडील म्हणाले, "आजवर हत्यारं आपल्यासंगं फिरली, आता आपणच हत्याराला बांधलो." पुढं भाडं वाढत गेलं, तरी खोली सोडता आली नाही.