मुंबईचं चायनीज आणि मुंबईचे चिनी

सातवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, चीनमध्ये पण मंच्युरियनला मंच्युरियनच म्हणतात का?" आमच्या कवठे येमाईच्या किंवा शिरूरच्या पोरांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. संध्याकाळी स्टँडवर वडापाव, अंडाबुर्जी आणि त्यांना खेटून लाल रंगाची चायनीजची गाडी, हे दृश्य आता यात्रेत, उरुसात, लग्नाच्या मांडवातसुद्धा दिसतं. कोबीचा भाव पडला की शेतकरी कपाळाला हात लावतो आणि गाडीवाला खूश होतो, कारण आपलं व्हेज मंच्युरियन म्हणजे मुख्यतः कोबीच. मुलीला मी थोडक्यात सांगितलं की चीनमध्ये हा पदार्थ कोणाला माहीत नाही, तो मुंबईचा आहे. पण हे थोडक्यात सांगण्यासारखं प्रकरण नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

चीन आपल्या घरात फार आधीपासून आहे. लोणच्याची बरणी चिनीमातीची, सकाळचा चहा नावानिशी चीनचा, आणि उर्दूत साखरेला आपण चीनीच म्हणतो. मुंबईचा तर चीनशी थेट व्यापार होता. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कापूस आणि माळव्याची अफू कँटनला जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी याच व्यापारात संपत्ती कमावली आणि त्यांच्या पेढीत जैन भागीदार मोतीचंद अमीचंद यांच्याबरोबर मोहम्मद अली रोघे हे कोकणी मुसलमान व्यापारीही होते. आपल्या लोकांच्या इतिहासात रोघे घराण्याचं नाव अभिमानानं घेतलं जातं, ते घ्यावंच. पण ज्या मालाच्या नफ्यातून मुंबईतल्या बऱ्याच पेढ्या उभ्या राहिल्या, त्यानं चीनमध्ये किती घरं बसली हेही सोबत सांगायला हवं.

याच जहाजांच्या वाटेनं चिनी माणसं इकडे आली. आधी कोलकात्याला, मग मुंबईला. खलाशी, गोदीतले सुतार, चपला-बूट करणारे, सायकलवर रेशमी कापडाचं गाठोडं बांधून दारोदार फिरणारे, आणि दातांचे डॉक्टर. माझगाव गोदीच्या आसपास आणि कामाठीपुऱ्यात शुक्लाजी स्ट्रीटला त्यांची वस्ती होती. माझगावला नवाब टँक रोडवर त्यांचं देऊळ अजून आहे. नाव सी युप कून, १९१९ सालचं. सी युप म्हणजे चार परगणे; ग्वांगडाँग प्रांतातल्या ज्या चार परगण्यांतून ही माणसं आली, त्यांचं नाव त्यांनी इमारतीला दिलं. वरच्या मजल्यावर क्वान कुंग म्हणजे तिसऱ्या शतकातला सेनापती ग्वान यू, निष्ठेचा आणि न्यायाचा देव. त्याच माझगावात हसनाबादला पहिल्या आगाखानांचा मकबरा आहे. माझगाव बघायला जाल तर दोन्ही बघा, एका सकाळचं काम आहे.

या वस्तीतून हॉटेलं निघाली. चर्चगेटचं कामलिंग स्वातंत्र्याच्या आधीचं. कुलाब्याला ताजच्या मागं लिंग कुटुंबानं नानकिंग काढलं, ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. पुढे याच कुटुंबातल्या मुलांनी रीगल सिनेमाच्या मागे लिंग्ज पॅव्हिलियन सुरू केलं. ही सगळी कँटनी पद्धतीची हॉटेलं. तिथं येणारा गिऱ्हाईक म्हणजे गोरे, पारशी, सिनेमावाले आणि गोदीवर आलेले परदेशी खलाशी. तुमच्या-माझ्या वाडवडिलांना तिथं जायची ना ऐपत होती, ना धीर.

मी स्वतः अशा हॉटेलात पहिल्यांदा गेलो ते मुंबईत बी.एड. करत असताना. मामू-मामी हजला निघाले होते आणि त्यांना सोडायला गावाकडून नऊ माणसं हज हाऊसला आली होती. निरोप झाला, रडारड झाली, आणि मग सगळ्यांना भूक लागली. मी शहरात राहणारा शिकलेला म्हणून हौसेनं सगळ्यांना कुलाब्यातल्या एका जुन्या चायनीज हॉटेलात नेलं. पांढरे टेबलक्लॉथ, काचेत पोहणारे मासे, काड्या. अब्बांनी बसायच्या आधीच माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "पैले पूछ ले रे, हलाल हाय क्या?"

वेटर सवयीचा होता. म्हणाला, चिकन-मटण हलालच येतं. ते खोटं नव्हतं. मुंबईत मांसाचा धंदा पिढ्यान् पिढ्या कुरेशी बिरादरीच्या हातात असल्यामुळे शहरातल्या बहुतेक हॉटेलांत, मालक कोणीही असो, हलाल मांसच जात आलं आहे. पण मेन्यूत डुकराचे पदार्थही होते, आणि कढई एकच की वेगळी, हे अब्बांना विचारायचं होतं. कँटनी स्वयंपाकात डुकराची चरबी तेलासारखी वापरतात हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि ते खरंच आहे. वेटर आत जाऊन विचारून आला. कढई एकच होती, धुऊन घेऊ म्हणाला. अब्बा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मच्छी मंगा. उसको जबा नको. कढई नवी धुवाके." स्वीट कॉर्न सूप आलं तेव्हा एक घोट घेऊन त्यांनी निकाल दिला: ही तर मकईची पेज. मच्छी मात्र सगळ्यांना आवडली. खाला अजून त्या आल्याच्या मच्छीची आठवण काढते.

अब्बांच्या मनात तेव्हा जे होतं ते आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात असतं: चीन आणि हलाल ही दोन टोकं. इल्मसाठी चीनपर्यंत जा, हे वचन आपण प्रत्येक शाळेच्या गॅदरिंगला ऐकतो (हदीस म्हणून त्याची सनद कमजोर आहे, असं मुहद्दिस सांगतात, ते असो), पण चीनमध्ये गेल्यावर जेवायचं काय, हे कोणी सांगत नाही. तिथं हुई मुसलमानांची संख्या काही कोटींच्या घरातली नसली तरी लाखांच्या पुष्कळ वर आहे. त्यांच्या खानावळींवर ‘छिंगचन’ असं लिहिलेलं असतं. शब्दशः अर्थ शुद्ध आणि सच्चं; व्यवहारात अर्थ हलाल. हातानं ओढून केलेल्या नूडल्स आणि गोमांसाचा रस्सा ही लानचौ शहराची ओळख, आणि ती हुई मुसलमानांच्या चुलीवरची. पंधराव्या शतकात कालिकतला मोठमोठ्या जहाजांचा तांडा घेऊन येणारा झंग ह हा दर्यासारंग मुसलमान घरात जन्मलेला होता, आणि त्याच्याबरोबर येऊन प्रवासवर्णन लिहिणारा मा हुआनसुद्धा मुसलमान. त्यांच्याही आधी, चौदाव्या शतकात, इब्न बतूतानं लिहून ठेवलं की चीनच्या शहरांत मुसलमानांचे वेगळे मोहल्ले आणि मशिदी आहेत. तिथली कोंबडी इतकी मोठी की एका भांड्यात मावेना, दोन भांड्यांत शिजवावी लागली, असंही तो सांगतो. सफरनाम्यात थोडं मीठमसाला चालायचाच.

आता मंच्युरियन. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वँग १९७० च्या दशकात मुंबईत आले आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात काम करू लागले. १९७५ साली काहीतरी नवीन करा, अशी फर्माईश झाली. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपल्या रश्श्याची सुरुवात त्यांनी केली, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, आणि कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळून तळलेले चिकनचे तुकडे त्यात सोडले. ही हकिकत वँग यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश. त्याचा या पदार्थाशी नावापलीकडे संबंध नाही. पुढे केम्प्स कॉर्नरला त्यांचं चायना गार्डन गाजलं. चिकनच्या जागी फ्लॉवर आला, फ्लॉवरच्या जागी कोबी आला, आणि अशा रीतीनं मंच्युरियन आमच्या स्टँडवर पोचलं.

शेजवानचंही तसंच. सिचुआन हा प्रांत, त्याचं आपण शेजवान केलं. तिथल्या जेवणाची खूण म्हणजे जीभ बधिर करणारी एक मिरी. ती आपल्या शेजवान चटणीत सहसा नसतेच. असते ती लाल मिरची आणि लसूण, म्हणजे आपलाच ठेचा. गंमत म्हणजे त्या मिरीची सख्खी चुलत बहीण कोकणात आहे: तिरफळ. बांगड्याच्या कालवणात तिरफळ ठेचून घालणाऱ्या रत्नागिरीच्या बाईला सिचुआनची चव कुठल्याही गाडीवाल्यापेक्षा जास्त कळेल.

हक्का नूडल्समधले हक्का म्हणजे माणसं, हे किती जणांना माहीत आहे? हक्का हा चीनमधला एक समाज. कोलकात्याच्या टांगरा भागात त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले. सवर्ण हिंदू त्या कामाला शिवत नव्हते. तो धंदा दलित, मुसलमान आणि हक्का चिन्यांच्या वाट्याला आला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणाच्या खटल्यात हे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितले, तोवर टांगऱ्यात बऱ्याच कुटुंबांनी हॉटेलं काढली होती.

पण १९९६ च्या आधी १९६२ येऊन गेलं होतं. २० ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं, २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी केली. एका महिन्याची लढाई. त्या काळात भारत सरकारनं असा कायदा केला की ज्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा शत्रुराष्ट्राचे नागरिक होते, त्यालाही परक्या नागरिकाचे नियम लावता येतील. म्हणजे तुमचा जन्म इथला, भाषा इथली, पण आजोबांचं गाव बघून तुमचं काय करायचं ते ठरणार. आसाम, मेघालय, बंगालमधून सुमारे तीन हजार चिनी भारतीयांना, त्यांत म्हातारे आणि तान्ही मुलंही, आगगाडीनं राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. ही तीच देवळी जिथं इंग्रजांनी जयप्रकाश नारायण आणि आपले कॉम्रेड डांगे यांना डांबलं होतं. काही कुटुंबं तिथं चार-साडेचार वर्षं राहिली. जे छावणीत गेले नाहीत त्यांना पोलिसांत हजेरी आणि गावाबाहेर जायला परवानगी. १९६८ साली शत्रू संपत्ती कायदा आला. त्याखाली सरकारनं ताब्यात घेतलेल्या मालमत्ता पाकिस्तानी नागरिकत्व घेतलेल्यांच्या आहेत तशाच चिनी नागरिकांच्याही आहेत. आपल्याकडे या कायद्याची चर्चा होते तेव्हा दुसरं नाव कोणी घेत नाही.

हे सगळं ज्या देशात घडलं, त्याच देशानं सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना १९३८ साली चीनला पाठवलं होतं. ते तिथं जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये वारले, आणि शांताराम बापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला. आपल्या पाठ्यपुस्तकांत कोटणीस भेटतात. देवळी मला ना शाळेत भेटली, ना बी.एड.च्या इतिहास अध्यापनात. तिच्याबद्दल अलीकडे लिहिलं गेलं आहे: रीता चौधुरी यांची ‘माकाम’ ही आसामी कादंबरी, आणि जॉय मा व मुंबईचे दिलीप डिसूझा यांचं ‘द देवळीवालाज’ हे इंग्रजी पुस्तक. त्यांचा मराठी अनुवाद व्हावा असं मला मनापासून वाटतं.

२०२० च्या जूनमध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले. त्यानंतर केंद्रातले राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर आणि ते विकणाऱ्या हॉटेलांवर बहिष्काराचं आवाहन केलं. गाडीवाल्यांची पोटं त्यावर, आणि लॉकडाऊननं ती आधीच रिकामी. त्याच उन्हाळ्यात तबलीगच्या निमित्तानं भाजीवाल्यांना नावं विचारली जात होती, त्यामुळे हे आवाहन ऐकून हसावं की काय करावं ते मला कळेना. मंच्युरियन बिचारं मुंबईचं, त्याला गलवान कुठलं माहीत असणार? एका गाडीवाल्यानं तेवढ्यापुरता ड्रॅगनवर कागद चिकटवून ‘फास्ट फूड’ लिहिलं होतं. पहिल्या पावसात तो कागद सुटला.

१९६२ नंतर भारतातली कितीतरी चिनी कुटुंबं देश सोडून गेली, त्यांतली पुष्कळ कॅनडात टोरांटोला. माझी खालाजाद बहीण तिथं स्कारबरोला राहते. तिनं पाठवलेल्या फोटोत एका हॉटेलाचा बोर्ड आहे: वर ‘हक्का चायनीज’, खाली ‘हलाल’. तिथं अशी हॉटेलं बरीच आहेत. मेन्यूत चिली चिकन, मंच्युरियन, आणि गिऱ्हाईक भारत-पाकिस्तान-बांगलादेशचं. गल्ल्यावरचे म्हातारे गृहस्थ तिच्याशी हिंदीत बोलले, मूळ कोलकात्याचे निघाले. तिनं कढईबद्दल विचारायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "बेटी, सब हलाल है, आराम से बैठो."