वारल्यांचें अन्न आणि ‘दुष्काळी’ हें विशेषण

मोह हा शब्द संस्कृत मधूक, प्राकृत महुअ या क्रमानें मराठींत उतरला, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. चरक-सुश्रुतांस हें फूल परिचित होतें. असें असतां, ठाणें जिल्ह्यांतील वारल्यांविषयीं लिहितांना मोह, कंद व रानभाज्या यांची रवानगी ‘दुष्काळी अन्न’ या सदरांत करण्याची संवय लेखकांस जडलेली आहे. हें सदरच चुकीचें आहे असें आमचें मत आहे.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हा तो मुलूख. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत मोडतो. मुख्य धान्यें भात, नागली आणि वरी. शंभर ग्रॅम नागलींत सुमारें ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. सडलेल्या तांदळांत त्याचा तिसावा हिस्साही नसतो. नवें धान्य कणसरी देवीस अर्पण केल्यावांचून तोंडांत घालावयाचें नाहीं, हा वारल्यांचा नेम.

आतां कडूकंद पाहा. तो तसाच खाल्ला तर विषारी. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करावयाच्या, राखेच्या पाण्यांत उकडावयाच्या, आणि टोपलींत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यांत ठेवावयाच्या. मग तो खाण्याजोगा होतो. मृगाच्या सुमारास उगवणाऱ्या शेवळांनीं घशास खाज सुटते. ती मारण्यासाठीं त्यांत काकडाचीं आंबट फळें घालतात. वैद्य ज्यास शोधन म्हणतात तेंच हें. भुकेनें कासावीस झालेला मनुष्य एका दुष्काळांत असे शोध लावीत नसतो. त्यास पिढ्या लागतात, आणि दरवर्षींचा पाठ लागतो.

ऋषिपंचमीस आमच्या घरांतून बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य असतें. त्या दिवशीं अकृष्ट धान्य व कंदमुळें यांस आपण व्रतान्न म्हणतों. तींच वारल्याच्या पानांत पडलीं कीं दुष्काळान्न ठरतात, ही गोष्ट मौजेची खरी.

उपासमार होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. तिचें कारण मात्र वेगळें. मोहफुलांच्या संग्रहावर निर्बंध घालणारा कायदा मुंबई सरकारनें १८९२ सालीं केला. हेतु चोरट्या दारूस आळा घालण्याचा. पण वाळवून ठेवलेलीं फुलें पावसाळ्यांत शिजवून खाणाऱ्यांचें कोठारही त्यांत सांपडलें. जंगलाच्या राखीव हद्दी त्यापूर्वींच पडूं लागल्या होत्या. मग ऐन पावसांत सावकाराकडून खावटी उचलावयाची आणि सुगींत ती दिढीनें फेडावयाची. म्हणजे पुढील वर्षीं खावटी आणखी लौकर. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांत वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तीं पावसास तोटा नसलेल्या मुलखांत.

छापील साधनांत १८८२ चें ठाणें गॅझेटियर आणि के. जे. सावे यांचा १९४५ चा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ हीं सुलभ आहेत. सावकारांच्या खावटीच्या वह्या मात्र संग्राहकांनीं बखरी व सनदांच्या शोधांत आजवर बाजूस टाकल्या. कित्येक रद्दींत गेल्या असतील. कोणत्या महिन्यांत किती पायली नागली उचलली आणि सुगींत किती परत केली, हें तेथेंच कळावयाचें. ज्यांच्या संग्रहीं मोडींतील अशी एखादी वही असेल त्यांनीं ती वाळवीपासून जपून ठेवावी, आणि निदान तिची एक नक्कल मंडळाकडे धाडावी.